चोवीस मेंढरं रचनाच्या नावे

मी, सत्याप्पा भरमू पुजारी, वय त्र्याहत्तर, धंदा मेंढपाळी, राहणार धनगर गल्ली, तालुका निपाणी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं काही विचारत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचा दाब नाही. लिहिताना पत्नी तानुबाईने दोनदा डोळे वटारले, तो दाब धरू नये.

१. राहतं घर तानुबाई हयात असेपर्यंत तिचं. पन्नास वर्षं ती मला हाकत आली आहे, तिला घराबाहेर काढण्याची कोणाची छाती नाही. तिच्यामागे घर मुलगा विक्रम याचं. विक्रम बेळगावात कॅम्पातल्या दुकानात कामाला आहे. दर रविवारी फोनवर म्हणतो, "आप्पा, मेंढरं इकून टाका की आता." पोरगा मायाळू आहे, माझ्या पायांपायी बोलतो. म्हणून त्याला घर दिलं, मेंढरं दिली नाहीत.

२. यंदाच्या थंडीतून उरलेली चोवीस मेंढरं, त्यांना पुढे होणारी कोकरं, त्यांच्याभोवती लावायची जाळी आणि कुत्रा हे सगळं सून रचना हिच्या एकटीच्या मालकीचं. ती विकायचा हक्क विक्रमला नाही.

३. कळप पुन्हा उभा राहीपर्यंत, म्हणजे दोन वर्षं तरी, एकही मादी विकू नये. पावसाळ्याआधी लस चुकवू नये. नर बाहेरच्या कळपातून आणावा, मात्र शेजारच्या शामूकडचा नको. त्याचा नर शामूसारखाच आहे, पाठ फिरली की धडक देतो. चांदी या म्हाताऱ्या मेंढीला दात उरले नाहीत, तिला भिजवलेली ज्वारी हाताने चारावी. तिचा आता काही उपयोग नाही, पण माझा तरी कुठे आहे?

४. माझं नवं घोंगडं चांदीच्या अंगाखाली घालावं. माणसाने ते वापरू नये. का, ते लिहितो.

थंडी सरल्याशिवाय लोकर कातरायची नाही, ही आमची रीत. यंदा बिरोबाच्या जत्रेत नव्या घोंगड्यावर बसायची मला हौस आली आणि मी मार्गशीर्षातच कात्री लावली. रचना म्हणाली, "आप्पा, थंडी लई हाय. महिनाभर ऱ्हाऊ द्या की." मी म्हणालो, "तू मला शिकीवतीस व्हय गं?"

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मेंढरं तेव्हा खतासाठी भावकूच्या तंबाखू काढलेल्या रानात बसवली होती. आडोसा नाही, अंगावर लोकर नाही. रचनाने स्वतःच्या साड्या फाडून कोकरं गुंडाळली, शेकोट्या केल्या, दोन दिवस खाली बसली नाही. एकसष्टातली चोवीस वाचली ती तिच्यामुळे.

भावकू आणि शामू विचारपूस करायला आले. मी म्हणालो, "सुनंनं वल्यात बांधली, दुसरं काय?"

ते गल्लीभर झालं. आता कोणाची मेंढी अडली तरी रचनाला हाक मारत नाहीत, तिच्या हाताला यश नाही म्हणतात. जत्रेत मी त्या घोंगड्यावर बसलो होतो. ते फार टोचलं.

५. चूक माझी होती. रचनाचा काडीचाही दोष नाही. हा ठपका तसाच राहिला तर तिला कोणी आपल्या रानात मेंढरं बसवू देणार नाही आणि चोवीसही जातील. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, पण एवढं कलम तोवर थांबवता येणार नाही. म्हणून ज्यांच्यापुढे खोटं बोललो त्याच दोघांना साक्षीला बोलावलं आहे. सही करण्याआधी मी हे रचनादेखत मोठ्याने वाचणार. पोरी, तुझ्यावर माझा फार जीव आहे, आणि तरीही मी असा वागलो.

ठिकाण: निपाणी
तारीख: २२ फेब्रुवारी २०२६
सही: सत्याप्पा भरमू पुजारी

साक्षीदारांचं लिहिणं: सत्याप्पांनी आम्हा दोघांसमोर सगळं वाचून शुद्धीत सही केली. पाचव्या कलमात मध्येच पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. रचना दारात उभी होती. ती म्हणाली, "आप्पा, मला काय ठावं न्हवतं व्हय? तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं." हे कागदावर नको, असं वकीलबाई म्हणाल्या. आम्ही लिहिलं.

सही: शामू हजारे
सही: भावकू येळ्ळूरकर. पुढच्या हंगामात तंबाखू निघाली की माझ्या रानात मेंढरं रचनानेच बसवावीत.