काकूला धुरी दिली तेव्हा

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण घाटनांदूरच्या त्या चुलीपुढं बसलेली तू आठवलीस की माझं डोकं अजून तापतं. तुझी दाढ कधीच पडून गेली होती, पण जबड्याखालच्या भोकातून पू यायचा थांबत नव्हता. पदराची कड त्यावर दाबून तू भाकरी थापायचीस. आजीनं रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तुला धुरी दिली. धूर तोंडात घ्यायचा, आणि खालच्या परातीतल्या पाण्यात पांढरे किडे पडले की दाढेतली कीड गेली म्हणायचं. पुढं मी कुणाचंच तोंड न लावता ती धुरी करून पाहिली. किडे तरीही पडले. बियांतलेच होते ते.

शेवटी माहेरी पोचवतो असं घरात सांगून बापूंनी तुला गाडीत घातलं आणि मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी भोकात सळई घालून पाहिली आणि म्हणाले, "हड्डी का तुकडा अंदर मर गया. निकाले बगैर जखम भरती नै." भूल देऊन त्यांनी तो तुकडा काढला, बोराच्या बीएवढा, काळपट, कडेनं कुरतडल्यासारखा. मग कितीतरी दिवस जखम धुणं आणि पट्टी भरणं चाललं, तेव्हा कुठं ती बुजली. परतताना गाडीत तू बापूंना म्हणालीस, "परक्या गड्यानं तोंडात हात घातला, हे कुनाला कळू देऊ नका. तुमाला माझी आन हाय. माहेरच्या धुरीनं गुण आला म्हना." बापू मान खाली घालून बैल हाकत राहिले.

वर्ष सरायच्या आत काकूला तेच झालं. तीच दाढ, तोच पू. ती तुझ्याजवळ येऊन बसते, मी भाजी निवडते आहे. "अक्का, मला बी येईल का हो धुरीनं गुण?" मी तोंड उघडणार तोच तू माझ्या मांडीला चिमटा काढतेस. "येईल की. जरा दम धर," म्हणतेस. माय, जीभ कशी रेटली तुझी? जबडा चिरून हाड काढलेली बाई तू, दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर, आणि तू त्या पोरीला निखाऱ्यापुढं बसवलंस. स्वतः बिया आणून दिल्यास. अब्रू म्हणे. जावेच्या जिवापेक्षा मोठी होती ती? सूज गळ्यात उतरली, पाणीही गिळवेना, आणि काकू गेली. सगळ्यांत मोठ्यानं तूच रडलीस, त्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? नातवंडं विचारतात तेव्हा काकूची गोष्ट मी सांगते. फक्त गप्प राहायची आण बापूंनी तुला घातली होती, असं सांगते. तुला दुसऱ्या कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.