पपांनी बसवलेले ब्रेक

सोम., ६ जाने.
चौक बंदरावरून मासळी भरून भाईंदरला निघालो. राई गावच्या वळणावर ब्रेक मारला तर गाडी डावीकडे ओढली. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं. मेकॅनिक म्हणाला, "कॅलिपर जाम है भाई, दोनों बदल डालो, पॅड भी. मच्छी का पानी खा गया." म्हणजे चाक आवळून धरणारा ब्रेकचा चिमटाच गंजून अडकलाय. बर्फाचं खारं पाणी आठ वर्षं चाकांवर गळतंय. ते लोखंड खाणार नाही तर काय फुलं वाहणार!

मंगळ., ७
सामान आणलं. गाडी गॅरेजलाच टाकणार होतो. पपा ओट्यावर. बोट विकल्यापासून दोन वर्षं तिथेच बसतात, समुद्राकडे पाठ करून. डबे बघितले आणि म्हणाले, "माझे पाने कुठं हायेत?"
लीना पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. दोन वर्षांत सासऱ्यांनी तिच्याकडे काही मागितलेलं नाही, जेवणसुद्धा.
मी नाही म्हणायला हवं होतं. बोटीच्या इंजिनावर जन्म काढलेला माणूस, गाडीच्या ब्रेकला कधी हात लावलेला नाही. पण मीच पान्यांची पेटी काढून दिली.

बुध., ८
दोन्ही कॅलिपर बसले, पॅड बसले. पपा न बघताही बोल्ट जागेवर घालतात. डब्यांवर डावा-उजवा लिहिलंय म्हटलं तर, "डबा वाचून काम करनारा मिस्त्री न्हाय मी."
मग ब्रेक ऑइलच्या नळीत शिरलेली हवा काढायला बसलो. मी पेडलवर, पपा चाकाशी. "दाब... धर... सोड." शंभर वेळा तरी. पेडल तळाला जातंच आहे. मासळी शेजारच्या इग्नेसच्या पिकअपमधून पाठवली.

शुक्र., १०
तेच. ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या. पेडल भिजलेल्या पावासारखं. "माझ्या हाताला आता काय येत न्हाय," एवढंच बोलले आणि दुपारी न जेवता आडवे झाले.
ते झोपल्यावर चाकाखाली डोकं घातलं. डाव्याचा कॅलिपर उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. त्यामुळे हवा सोडायचा स्क्रू वर यायचा तो खाली आलाय. हवा वर अडकून बसलीय, वर्षभर दाबलं तरी निघायची नाही.
ते उठल्यावर आडून विचारलं, स्क्रू खाली का म्हणून.
"इंजिनाचं पानी कुठनं सोडतो आपन? खालनंच ना!"
बोटीवर ते बरोबरच होते. मी रिकाम्या बाटल्या उचलून टाकल्या.

रवि., १२
मी आणि लीना चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला जाऊन आलो. पपा नेहमीसारखे नऊच्या. ते वळणाआड गेले आणि मी चाकं काढली. लीना मिस्साच्या साडीतच पेडलवर. कॅलिपरांची अदलाबदल केली, स्क्रू वर. हवा निघाली, पेडल दगडासारखं घट्ट.
लीना म्हणाली, "चोरी केल्यासारखं वाटतंय." आणि लगेच, "पण सांगू नकोस हां त्यांना."
पपा आले, पेडल दाबलं. परत दाबलं. "ऑइल मुरायला टाइम लागतो, बोल्लो न्हवतो?" हसले. किती दिवसांनी! दुपारी दोनदा भात घेतला. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

मंगळ., १४
घोळ झाला. पपा जेटीवर सगळ्यांना सांगून आले. इग्नेसच्या गाडीचंही चाक तापतंय म्हणे. "अंकलच करतील, गॅरेजला कशाला जाऊ?" सामान आणायला गेलासुद्धा. त्याची दोन पोरं रोज त्याच गाडीतून शाळेत जातात.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगितलं तर पपा परत ओट्यावर, आणि या वेळी उठायचे नाहीत. नाही सांगितलं तर...

गुरु., १६
इग्नेसची गाडी आमच्या अंगणात, पुढची चाकं काढलेली. पपांनी नवा कॅलिपर जागेवर धरला. स्क्रू खाली.
म्हटलं, "पपा, तो वर पाहिजे. हवा वर चढते."
"कोन बोल्ला?"
"सगळ्या गाड्यांना वरच असतो."
"तुझ्या गाडीला खाली हाय. मीच बसवलाय. ब्रेक लागतो का न्हाय?"
लागतो म्हणालो.
"मंग?"
मंग काय. उत्तर माझ्याच चाकामागे होतं. इग्नेस मध्येच म्हणाला, "अरे, खोलून बघा ना एकदा." पपा गुडघ्यावर हात देऊन उठले, पाना घेऊन माझ्या गाडीकडे चालायला लागले. "काड चाक. दाखवतो तुला."
जॅक लावला. चार नट सैल केले. पाचवा राहिलाय; तो निघाला की वर असलेला स्क्रू पपांना दिसणार. लीनाने जेवायला हाक मारली तेवढ्या निमित्ताने आत आलो, हातही धुतलेले नाहीत, वहीला ग्रीस लागतंय. तिला सांगितलं. ती ताटं वाढतेय.
पपा जेवायला आले नाहीत. चाकासमोर पाट टाकून बसलेत आणि इग्नेसला समजावतायत, इंजिनाचं पाणी कुठून सोडतात ते.