बरणीतलं वजन

२४ सप्टेंबर

सईला बडोदा स्टेशनवर सोडून आलो. गाडी हलली तेव्हा तिची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली. ती घेऊन घरी आलो. टेबलावर ठेवली आहे. सई पुण्याला पोचेल रात्री.

परवा तेरावं झालं. मेधा नाही, असं एकदा लिहून बघावं म्हणून ही जुनी डायरी काढली. हिच्यात ती नेहमी नुसती 'मे.' असते. लिहिलं. वाचलं. काही होत नाही.

त्या दिवशी सकाळी स्कूटर काढताना म्हणाली, "संध्याकाळी बरणी उघडायचीय, आठवण कर." मी हो म्हटलं. मकरपुऱ्याला तिच्या फॅक्टरीच्या टूलरूममध्ये चहाच्या वेळेला डोकं दुखतं म्हणून खुर्चीत बसली, ती बसलीच. मला नंदेसरीला लॅबमध्ये फोन आला तेव्हा ब्युरेट हातात होतं. मी रीडिंग लिहिलं आणि मग निघालो.

ते रीडिंग का लिहिलं.

२५ सप्टेंबर

केतनभाई आले होते. मे.च्या फॅक्टरीचे मालक. बरोबर रमणभाई, बेंडिंग मशीनवर असतात ते. दोघं सोफ्याच्या टोकाला बसले. रमणभाईच बोलले.

पत्रा वाकवायच्या मशीनला वरच्या बाजूला क्लॅम्पमध्ये पोलादी पंच धरलेला असतो, खाली डाय, म्हणजे साचा. पूर्वी पंच बदलायचा तर एका टोकाकडून सरकवत आणावा लागे. वेळ जाई. म्हणून लोक खालूनच काढायला बघत. क्लॅम्प सैल केला की सगळं वजन हातावर. मे.ने पंचाच्या मानेत स्प्रिंगचं बटण बसवलं. बटण बाहेर असेल तर ते वरच्या खाचेत अडकतं आणि क्लॅम्प सैल झाला तरी पंच लटकून राहतो. अंगठ्याने बटण दाबलं तरच समोरून हातात येतो.

हे तिने मला एकदा वाटी आणि चमचा घेऊन जेवताना समजावलं होतं. मी मान हलवली होती. आमटी गार होत होती.

रमणभाईंनी डावा हात पुढे केला. एक बोट अर्धं. "आ जूनी फॅक्टरीनुं, साहेब. बेनना बटन पछी एकेय नथी गई. बटण आल्यापासून एकही बोट गेलं नाही. बाकीची नऊ त्यांच्या नावावर." हसायला गेले, मग रडले.

केतनभाई म्हणाले, दसऱ्याच्या पूजेला नाव जाहीर करणार. 'मेधा पंच'. प्रत्येक पीसवर कोरायचं. पहिला मोठा माल चाकणला जाणार, दिवाळीआधी.

मी "बरं" म्हटलं. फक्त बरं. ते गेल्यावर वाटलं, निदान पाणी तरी विचारायचं.

२७ सप्टेंबर

सोसायटीत गरबा. लाउडस्पीकर आमच्या गॅलरीकडे तोंड करून होता, तो हंसाबेनने दुसरीकडे फिरवायला लावला. शेजारच्या. रोज डबा देतात. आज डबा देताना म्हणाल्या, "अविनाशभाई, बरणी जोई के नहीं? केरी बगडी जशे. मेधाबेन तो अत्यार सुधीमां बे वार चाखी ले."

बरणी. कैऱ्या बिघडतील, खरंय, मे. एव्हाना दोनदा चाखून बघते. विसरलोच होतो. आठवण कर म्हणाली होती.

खारातल्या कैऱ्या. दर उन्हाळ्यात घालते. कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून उपडी ताटली आणि तिच्यावर वजन. आधी दगड होता सासूबाईंचा, तो फुटला. मग यंदा उन्हाळ्यात मे.ने फॅक्टरीतून पंचाचा एक आखूड तुकडा आणला. "नेहमीच्याच मालातला आहे, टोकाला ओरखडा पडला म्हणून बाजूला काढला. दगडापेक्षा बरा." पिशवीत घालून, दोऱ्याने बांधून ठेवला होता.

पिशवीला कुठेतरी बारीक भोक. आत खारं पाणी. दोरा कापला, तुकडा नळाखाली धुतला, पुसला. बटण आत.

अंगठ्याने दाबून सोडलं. आतच. ओट्यावर आपटलं. आतच.

नळ चालू राहिला. बंद करायचं सुचलं नाही. हंसाबेन दारात उभ्या होत्या, "शुं थयुं?" काही नाही म्हटलं.

२९ सप्टेंबर

कैऱ्या चांगल्या आहेत.

तुकडा ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला आहे. तेल घालायचं नाही, खरवडायचं नाही. जसा आहे तसा.

दोरा पुन्हा बघितला. कापलेला होता तरी पीळ कळतो. एक फेरा बरोबर बटणावरून गेलेला. पिशवी घट्ट बसावी म्हणून? की बटण दाबून ठेवायला? तिने मुद्दाम, मिठात अडकतं का बघायला...

लॅबमध्ये नव्या पोरांना मीच सांगतो, एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. आज दिवसभर तेच स्वतःला सांगितलं. कंपनीच्या बसमध्येही. उतरायचा स्टॉप गेला.

बटण आत राहिलं तर पंच लटकत नाही. क्लॅम्प सैल करणारा बिनधास्त असणार, कारण त्याला सांगितलेलं आहे की हा पडत नाही. साधा पंच असता तर तो घाबरून तरी असता.

२ ऑक्टोबर

दसरा. मकरपुऱ्याला गेलो. सगळ्या मशीन धुतलेल्या, झेंडूच्या माळा, कुंकवाचे स्वस्तिक. बेंडिंग मशीनवर मे.चा फोटो. ऑफिसच्या पिकनिकचा आहे, गॉगल डोक्यावर. कोणी निवडला कोण जाणे. मला पुढे बोलावून नारळ फोडायला लावला. दोन घावांत फुटला नाही. तिसऱ्याला फुटला.

नवे पंच लाकडी पेटीत, तेल लावलेले. प्रत्येकावर तिचं नाव. गुजरातीत. 'मेधा'. अक्षरांवरून बोट फिरवलं. गार.

मग पाहुण्यांना दाखवायला रमणभाईंनी पंच लावून काढून दाखवले. टाळ्या. मी अगदी जवळ उभा होतो म्हणून दिसलं. पंच वर नेण्याआधी रमणभाई प्रत्येक बटणाला अंगठ्याच्या नखाने बाहेरून टिचकी मारतात. काढतानाही, क्लॅम्प सैल करण्याआधी, बोट मागे नेऊन एक टिचकी. पटकन. बघणाऱ्याला कळत नाही.

"रमणभाई, ते काय केलंत?"

"शुं?"

"अंगठ्याने."

त्यांनाच आठवेना. पुन्हा करून बघितलं, तेव्हा हसले. "ए तो टेव छे, साहेब. सवय. चोमासामां बटन कोक वार जरा आळस करे. टिचकी मारी एटले जागी जाय."

पावसाळ्यात बटण आळस करतं. टिचकीने जागं होतं.

ट्रायल कोण घेतं, म्हणून विचारलं. "हुंज. पहेलेथी हुंज. बेनने बीजा कोईना हाथ पर भरोसो नहीं." पहिल्यापासून तेच, मे.चा दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. केवढा अभिमान.

म्हणजे आजवर एकदाही, टिचकी न मारता ट्रायल...

हातात फाफड्याची डिश होती. ती कुठे ठेवली आठवत नाही. तुकडा पिशवीत घेऊन गेलो होतो. काढला नाही. सगळे माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलत होते. फोटोतली मे. मात्र हसत होती. घरी परत घेऊन आलो.

३ ऑक्टोबर

सईला फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा, कैरीच्या बरणीवरून तू आईचं काम खोटं ठरवणार?"

"खोटं नाही म्हणत."

"मग काय म्हणतोस? आईच्या नावाचं दुसरं काय आहे आपल्याकडे? गॉगलवाला फोटो?"

मला नेहमीसारखंच वेळेवर काही सुचत नाही. मग तीच म्हणाली, "तिला माहीत होतं?"

"माहीत नाही."

"तू तिच्याबरोबर राहत होतास, बाबा."

फोन ठेवला तिने. पाच मिनिटांनी मेसेज, जेवलास का. जेवलो म्हणून कळवलं. जेवलो नव्हतो.

५ ऑक्टोबर

रविवार. मे.ची साडी कोणती कोणाला द्यायची म्हणून कपाट उघडलं. बंद केलं.

तिला माहीत असेल तर ती बोलली असती. तिचा स्वभाव तसा. पण खात्री झाल्याशिवाय बोलायची नाही, हाही तिचाच स्वभाव. दोन्ही खरं आहे. पुढे जाता येत नाही.

६ ऑक्टोबर

हाफ डे टाकून केतनभाईंकडे गेलो. पेट्यांना पट्ट्या मारायचं काम चालू होतं. केबिनमध्ये तुकडा टेबलावर ठेवला. बटण तसंच आत. सांगितलं कुठे होता.

त्यांनी आधी वास घेतला. मग हसले. "खाऱ्या पाण्यात चार महिने मला ठेवलं तर मी पण जाम होईन, अविनाशभाई." माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करतात.

मी म्हटलं, घामात मीठच असतं. अंगठा रोज त्याच बटणावर. वर तेल, पत्र्याची धूळ, बडोद्याचा पावसाळा.

हसायचे थांबले. "मेधाबेनने मने कह्युं होत. मला सांगितलं असतं."

"कदाचित सांगणार होती."

"हे त्या म्हणत होत्या की तुम्ही म्हणताय?"

रमणभाईंच्या टिचकीचं सांगितलं. केतनभाई उठले, काचेतून खाली मशीनकडे बघत राहिले. म्हणाले, एवढी वर्षं बघतोय, दिसलं नाही. मग म्हणाले, दुसऱ्या माणसाला लावून ट्रायल घेतली तर रमणभाईंच्या मनाला लागेल. माल थांबवला तर चाकणवाले विचारतील काय झालं. आणि काय झालं ते सांगितलं तर... "नाव कोणाचं आहे त्याच्यावर, अविनाशभाई. विचार करा."

"नाव घासून काढता येतं," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही. असं मी बोललो? मे.ला जाऊन महिना नाही झाला.

शेवटी म्हणाले, तुकडा आज घरी न्या, माझं डोकं चालत नाही. उद्या घेऊन या. सगळ्यांसमोर खोलून बघू. तोवर गाडी भरत नाही.

७ ऑक्टोबर, सकाळ

चहा टाकायला गेलो तर बटण बाहेर.

हात लावला नव्हता. वर्तमानपत्रावर तसाच होता. वाळलं असेल. कालची बॅगेतली धडधड. कशानेही. पण बाहेर आलेलं आहे, पूर्ण, पहिल्या दिवशी असेल तसं. चहा उतू गेला.

एकदा वाटलं, कोणाला सांगूच नये. मग वाटलं, हेच तर सांगायला हवं. कोणतं कोणाच्या बाजूचं, कळेना. केतनभाईंना फोन केला.

"बटण बाहेर आलं. आपोआप."

मोठा श्वास ऐकू आला. "हाश. भगवान. जोयुं ने, पाहिलंत? मेधाबेनचं काम आहे ते." मग थांबले. पुन्हा आवाज आला तो बारीक. "एटले के, म्हणजे... उशिरा आलं."

"कधी आलं ते मला माहीत नाही."

"तो हवे? आता काय?"

"ट्रायल घ्या. दुसऱ्या माणसाला लावा. खाली हात नको, लाकडाचा ठोकळा ठेवा."

रमणभाईंना ते स्वतः सांगणार आहेत. मला म्हणाले, "तुम्ही पाहिजे. तुमच्याशिवाय मी करणार नाही." नेहमी तिला असंच म्हणत असतील.

सईचा फोन. रात्री झोपली नसावी. "बाबा, मी येऊ का?" नको म्हटलं. मग म्हटलं, ये. "आणि बाबा, बटण अडकलं तरी ते आईचंच आहे ना?" हो म्हटलं. हे मात्र लगेच सुचलं.

बरणी उघडून एक कैरी काढली. हंसाबेनला देण्याआधी बघावी म्हणून. मीठ बरोबर. मुरली आहे. संध्याकाळी उघडायचीय म्हणाली होती, ते याच्यासाठी की त्या दोऱ्याखाली काय झालंय ते बघण्यासाठी, हे आता कोण सांगणार.

कैरी खाऊन हात धुतला नाही. तोच खारट अंगठा बटणावर ठेवून दाबलं. आत गेलं. अंगठा काढला.

तुकडा समोर ठेवून हे लिहितो आहे. मकरपुऱ्याला न्यायला आलेला रिक्षावाला खालून हॉर्न वाजवतोय. बटण अजून आतच आहे.