बारा नंबर चपलांच्या आवाजाला उठते

३ नोव्हेंबर
शेजारच्या तालुक्यात डुकरांना आफ्रिकन ताप आला. लस नाही, औषध नाही. एकीचं रक्त बाधित निघालं तरी सगळा कळप मारतात. म्हणून सरकारी डॉक्टर पूजाने रोज लिहायला लावलं. एरवी मला वही लागत नाही. कराडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आहे.
आज माझ्या फार्मवरच्या सगळ्या डुकरांचं रक्त तपासायला नेलं. बारा नंबरची डुकरीण ओरडली. मी तेवढ्यात पाण्याची टाकी बघायला गेले. टाकी भरलेलीच होती.

५ नोव्हेंबर
नियम केले. दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवणे. आत फक्त गमबूट. जनावराला नाव द्यायचं नाही, नंबर पुरे.
आमचा गडी आकाराम म्हणाला, "आवं बाई, मग तुमच्या चपला?"
त्याला समजावलं. बारा नंबर गाभण आहे. गमबुटाला ती ढिम्म हलत नाही, माझ्या चपला फटफटल्या की दाराशी येते. ही माया नव्हे, मॅनेजमेंट.
"आन् गूळ?"
गूळसुद्धा.

११ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. सगळी स्वच्छ. शिस्तीचं फळ.

१३ नोव्हेंबर
कुपवाडच्या बाजूला ज्योतिबाच्या डुक्कर-फार्मवर गेले. माजी फौजी, पण कामाला शिस्त नाही. दोन डुकरं आडवी, कान जांभळे. त्याच्या शेडमध्ये उभी राहून स्वच्छतेवर तासभर बोलले. तो म्हणाला, "मॅडम, आदी तुमी भाईर व्हा." उद्धट.
यायला उशीर झाला. बारा नंबरने दिवसभर खाल्लं नव्हतं म्हणे. त्याच चपलांनी तशीच आत गेले. औषधाचं पाणी बाहेरच्यांसाठी असतं.

२२ नोव्हेंबर
ज्योतिबाचा कळप मारला. मी त्याला सांगितलंच होतं.
बारा नंबरने गूळ हुंगून सोडला. थंडी वाढली आहे.

२४ नोव्हेंबर
पुन्हा रक्त नेलं. बारा नंबर या वेळी ओरडली नाही. आकाराम म्हणाला, "सवय झाली आसंल, बाई." मलाही तेच वाटतं.

२७ नोव्हेंबर
रिपोर्ट आला.
पूजाने विचारलं, "काकू, कोण आलं होतं इथं?" खाद्याचा टेम्पो, वायरमन, कावळे, सगळं सांगितलं. ती माझ्या पायांकडे बघत राहिली.

२८ नोव्हेंबर
पथक आलं. बाकीची निघाली. बारा नंबर कोपरा सोडेना. चौघे गमबूट घालून आत गेले, काठी लावली, हाका मारल्या. पूजा हळूच म्हणाली, "काकू, तुम्हीच या."
फरशीवरून रोजच्यासारखी चालत गेले. ती उठली. पाय लटपटत होते, तरी दारापर्यंत आली. हातात गूळ होता. खाल्ला नाही. हात मात्र हुंगला.

पथकाच्या ताब्यात दिलं : डुकरं, सगळी. त्यात बारा नंबर. पोटातली मोजली नाहीत.
डुकरं पुरायच्या त्याच खड्ड्यात टाकायला माझ्या चपला, एक जोड.