डब्याची घाई नाही

लीड्स,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस
(उपास सुटला, थंडी सुटली नाही)

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या मुरलीधरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. इथल्या लाकडी जमिनीवर खरोखर आडवा झालो, तर उठवायला संध्याकाळपर्यंत घरात कोणी नसतं.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतंच बाटलीकडे बघतेस? दाजींचं मीठ बंद केलंस हे कळलं. ते शेजारी जाऊन खारे दाणे खातात हेही कळलं, पण ते मी सांगितलं असं सांगू नकोस. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. अधूनमधून जाऊन नळ सोडून बघत जा, आणि खिडकी उघडून थोडा वेळ बस. बंद घराला माणसाचा वास लागतो, नाहीतर ते रुसतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोन म्हणजे ग्रामसभा झाली आहे. इकडे अवधूत, सूनबाई आणि मायरा तिघं स्क्रीनमध्ये डोकी घालतात, तिकडे तू फोन कानाला लावतेस, त्यामुळे आम्हाला तुझं कानातलं तेवढं दिसतं. सगळ्यांसमोर "मजेत आहे" यापलीकडे माणूस काय बोलणार? आणि तुझ्या भावाचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं मिरजेच्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता झालं. लग्नपत्रिका आणि दहाव्याची कार्डं जुळवून जेवढी भाषा आली तेवढी आली, पण ती कागदावरच उतरते. (त्या शिक्षणाचा इथे एकच उपयोग झाला. खिळे उलटे वाचायची सवय असल्यामुळे ॲम्ब्युलन्सच्या तोंडावरची उलटी अक्षरं अख्ख्या लीड्समध्ये मी एकटाच आरशाशिवाय वाचतो.)

तर मी मजेत आहे. सकाळी अवधूत बँकेच्या कॉम्प्युटरवर जातो, सूनबाई वैजयंती हॉस्पिटलात, मायरा शाळेत. जाताना मायरा मला गळामिठी घालून सांगते, "आबा, तू रडू नको हां, मी लवकर येते." (तिला नर्सरीत असताना हेच सांगायचे. तिचं मराठी आईबापांच्या वाक्यांवर चालतं, आणि त्यात मी कधी 'गेला' असतो, कधी 'गेली'.) मग दार लागतं, आणि घरात मी आणि यंत्रं उरतो. यंत्रं माझ्याहून बोलकी आहेत. धुण्याचं यंत्र काम झालं की गाणं म्हणतं. फ्रीज उघडा राहिला की ओरडतो. घरातली ऊब अवधूत ऑफिसातून फोनवरून कमीजास्त करतो, म्हणजे मला घाम कधी यावा हेसुद्धा शहराच्या दुसऱ्या टोकाला ठरतं. परवा मी नुसता अंगणात उभा राहिलो, तर दारावरची बेल अवधूतच्या आवाजात म्हणाली, "बाबा, टोपी घाला." मी दचकून बेललाच नमस्कार केला. पोरगं मायेनं करतं गं, मायेला काही उणं नाही. पण संध्याकाळी पाचलाच अंधारायला लागलं, की वाटतं कोणीतरी नुसतं "काय मुरलीधरपंत, चहा झाला का?" म्हणून डोकावावं. इथे डोकावायलाही आधी मेसेज करावा लागतो.

माणसाच्या आवाजाची सोय म्हणशील, तर ती भिंतीत आहे. इथे दोन घरांत मिळून एक भिंत असते. पलीकडे डेरेक म्हणून एक म्हातारा राहतो. एकटाच. त्याची बायको मॉरीन दोन वर्षांपूर्वी गेली, एवढं सूनबाईला ठाऊक होतं. तर हा डेरेक सकाळी खोकतो. मग इकडून मी खोकतो. थोड्या वेळानं तो परत खोकतो. मला मुळात खोकला नव्हता, पण कोणी हाक मारल्यावर ओ न देणं आपल्या घराण्यात नाही.

आता मूळ गोष्ट. पौषात सुमनचं वर्षश्राद्ध झालं. मिरजेचे गुरुजी फोनवर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, गुरुजी वाकडे, मंत्र सरळ. पिंड ठेवला अंगणात. कावळे इथे आहेत, पण त्यांना बहुतेक रीत ठाऊक नाही, ते कुंपणावर बसून बघत राहिले आणि एका खारीनं येऊन भात नेला. (सुमनला खारी आवडायच्या. मी समाधान मानलं.) विधी आटोपून अवधूत कामावर गेला, आणि माझ्या लक्षात आलं, की तिच्या नावानं परक्या माणसाच्या मुखी घास पडलाच नाही. आपल्याकडे गल्लीतून कोणालाही हाक मारली असती. इथे दुपारी गल्लीत फक्त मोटारी. मग भिंत खोकली.

मी धोतर नेसलेलाच होतो. स्वयंपाक सकाळचा, गार झालेला. गार अन्न कसं द्यायचं? म्हणून मी इकडे येताना तू बांधून दिलेली कारळ्याची चटणी घेतली. कोरडी वस्तू, बाधत नाही. आणि चांगल्या भांड्यात द्यावी म्हणून आमच्या लग्नात तू दिलेला, मी सामानात बरोबर आणलेला स्टीलचा झाकणाचा डबा काढला. तोच, ज्यावर तू भांडेवाल्याकडून नाव घालून घेतलं होतंस: 'चि. सौ. कां. सुमन हिस, अक्काकडून' आणि खाली तारीख. डबा पुसला, अनवाणी पलीकडे गेलो, बेल वाजवली. डेरेकनं दार उघडलं. मी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, सगळं दुकानांच्या कार्डांवरून उचललेलं. मी म्हणालो, "टुडे, माय लेट वाइफ सुमन. विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स. काइंडली ॲक्सेप्ट."

अक्का, त्या माणसाचे डोळे भरून आले. त्यानंही दोन्ही हात पुढे केले. "आर यू शुअर?" असं त्यानं दोनदा विचारलं. मला वाटलं, केवढा हा संकोच, चटणीचा डबा तो केवढा! म्हटलं, "शुअर, शुअर. नो हरी." म्हणजे डब्याची घाई नाही, सावकाश द्या, आपण म्हणतो तसं. त्यानं मान लववली. मीही लववली. घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

नंतर डब्याची वाट बघत बसलो. (डबा परत मागायचा नसतो, हे तूच शिकवलंस. पण येईल तेव्हा रिकामा येणार नाही, याकडे लक्ष असायला हरकत नाही, हेही तूच शिकवलंस.) एक आठवडा गेला, दुसरा गेला. जाता येता मी त्याच्या खिडकीकडे हळूच बघायचो. तर काय! शेकोटीवरच्या फळीवर माझा डबा, शेजारी एक हिरवी प्लास्टिकची बरणी, मागे बाईचा फोटो आणि पुढे ग्लासात पिवळी फुलं. मी मनात म्हटलं, हा माणूस चटणी खात नाही, तिची पूजा करतो! तिखट लागली असेल, सांगायची भीड पडली असेल. शिवाय संध्याकाळी भिंतीतून त्याचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं. एकटाच बोलायचा, सावकाश, मधे मधे थांबून. मला काळजी वाटली. तुझी चटणी डोक्यात गेली की काय!

गेल्या शनिवारी दुपारी डेरेक आमच्याकडे आला. कोट, पॉलिश केलेले बूट, केस विंचरलेले. सगळे घरात होते. वैजयंतीनं चहा दिला. त्यानं कप गुडघ्यावर धरला आणि हळूहळू काही बोलायला लागला. वैजयंतीचा चेहरा मी बघत होतो. आधी हसरा, मग गोंधळलेला, मग तिनं आपला कप खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आईंच्या अस्थी ह्यांच्याकडे ठेवायला दिल्यात?"

"अस्थी? त्या तुझ्या नवऱ्यानं स्वतः कृष्णेत सोडल्या की!"

"मग हे म्हणतायत, पुढच्या महिन्यात मॉरीनचा वाढदिवस आहे, इल्क्लीच्या माळावर जाऊन तिची राख वाऱ्यावर सोडणार आहेत. विचारतायत, की सुमनलाही बरोबर यायला आवडेल का."

अवधूतनं दोन्ही हातांत डोकं धरलं. "बाबा, काय दिलंत तुम्ही त्यांना?"

"अक्काची चटणी," मी म्हणालो.

अक्का, रागावू नकोस. पण कारळे जास्त भाजलेस असं मी तेव्हाच म्हटलं होतं. करड्या रंगाची कोरडी पूड, बंद झाकण, वर कोरलेलं नाव आणि तारीख, धोतर नेसलेला अनवाणी म्हातारा आणि "माय लेट वाइफ". दुसरं कोणी काय समजेल? आपल्याकडे वाटी-चमच्यावरही नावं असतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? झाकण त्यानं एकदाच किलकिलं करून पाहिलं होतं म्हणे. लसणाचा वास आला, तेव्हा त्याला वाटलं, ह्या लोकांच्यात असंच असेल.

पहिल्यांदा मी हसलो. हसता हसता खुर्चीत घसरलो. मग मायरा, मग सूनबाई. डेरेकला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो आधी टोमॅटोसारखा लाल झाला आणि मग जे हसायला लागला! घरी गेला, डबा घेऊन आला, टोस्टला लोणी फासून त्यावर चटणी टाकून सगळ्यांसमोर खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडानं "लव्हली". दुसरा टोस्ट त्यानं स्वतः मागून घेतला. तेव्हा तुझ्या हाताला दाद मिळाली, थोडी उशिरा, एवढंच.

पण मग त्यानं सांगितलं, की तो रोज संध्याकाळी दोघींशी बोलायचा. मॉरीनला आणि सुमनला. आज पाऊस होता, आज लीड्सची टीम हरली, तुझा नवरा आज खिडकीत दिसला, टोपी घातली होती. सुमनचं नाव तो 'सूमान' असं घेतो. अक्का, आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. अवधूतला वाईट वाटेल म्हणून मी घेत नाही, मला वाईट वाटेल म्हणून तो घेत नाही. आणि भिंतीपलीकडे एक परका म्हातारा तिला रोज हाक मारून माझी खुशाली सांगत होता. अवधूत उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. मग तिथूनच म्हणाला, "आईच्या हातची चटणी ह्याहून कमी तिखट असायची, ना बाबा?" मी म्हटलं, "हो रे." बस्, एवढंच बोललो. पण बोललो.

असो. बाकी सर्व क्षेम आहे, काळजीचं काही कारण नाही. दाजींना नमस्कार, शेजारी विचारतील त्यांना माझी आठवण.

तुझा धाकटा,
मुरलीधर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. परतीचं तिकीट मे महिन्याचं आहे आणि मे म्हणजे अजून युगं. मला इथे राहवत नाही गं. पोरांना तसं सांगितलं तर त्यांना वाटेल, आपलंच काही चुकलं. तेव्हा तू अवधूतला फोन कर आणि सांग, की गुडघा फार वाढलाय, दाजींच्यानं होत नाही, मुरलीला लवकर पाठव. कण्हत बोल, पण फार कण्हू नकोस, सून हॉस्पिटलात आहे, ती औषधाचं नाव विचारेल. उजवाच गुडघा सांग. दाजींच्या हाती फोन देऊ नकोस, ते खरं बोलतात.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत डेरेक येऊन गेला. (मेसेज न करता! मागल्या दारानं! "चहा झाला का" हे त्याला मायरानं शिकवलंय.) म्हणाला, मॉरीनला त्या हिरव्या प्लास्टिकच्या बरणीतून माळावर न्यायला जीव होत नाही. "तुझ्या त्या सुंदर डब्यातून थोडी राख नेऊ का? माळ चढायला सोबत येशील का?" त्याला दुसरं कोणी नाही. मी येतो म्हणालो. पण डबा तू दिलेला, आणि तुझं सोवळं मला माहीत आहे. तेव्हा तुझी परवानगी हवी. डबा नंतर घासून, उन्हात ठेवून (ऊन पडलं तर) घेईन. माझं म्हणशील तर, सुमननं चौकशी न करता दिला असता.

ता. क. मॉरीनचा वाढदिवस आपल्या पाडव्याच्या सुमाराला येतो. शिवाय तिला सोडून आल्यावर डबा रिकामा डेरेकच्या हाती कसा ठेवायचा? तेव्हा इथे येणारं कोणी भेटलं तर चटणी पाठव. कारळे तसेच भाज, तो त्याच चवीला लागला आहे. आणि वर लिहिलेला फोन इतक्यात करू नकोस. गुडघ्याला दोन वेळ तेल लाव, जिने चढू नकोस, त्याला ठणठणीत ठेव. मे काही फार लांब नाही.