तक्ता तोंडपाठ

७ सप्टेंबर १९९८
निर्णय पक्का. क्रेन ऑपरेटरची जागा निघाली आहे, ती माझीच. नऊ वर्षं हेल्पर म्हणून खालून क्रेनवाल्याला हाताने खुणा केल्या, आता वर बसणार. अट एकच, चष्मा नको. म्हणजे लेझर! पेपरात आलंय, दहा मिनिटांचं काम. नर्मदा म्हणाली, आधी डॉक्टरला विचारा. बायकोला नवऱ्याची प्रगती बघवत नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवारची सुट्टी
मुंबईचे डॉक्टर म्हणाले, नंबर वर्षभर स्थिर हवा. मी कंपनीच्या मेडिकलची सहा कार्डं पुढे ठेवली. सहाही वर्षं उणे तीन. इतका स्थिर माणूस त्यांनी पाहिला नसेल.

त्याच दिवशी, परतीच्या गाडीत
मशीनवर उणे साडेचार निघाला. कार्डावर तीन कसा, विचारलं. सांगितलं, मेडिकलआधी आमची सगळी शेड डोळे तपासायचा तक्ता पाठ करते. त्यांनी पेन खाली ठेवलं. नंबर वाढतोय, वर्षभर थांबा. बुबुळ पातळ निघालं तर मुळीच नाही. केलंच तर काही दिवस धूळ-पाणी टाळा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच. कटकट! लेझर मागायला गेलो, हातात चष्म्याचाच कागद.

१९ सप्टेंबर
लेझर हवंय कोणाला? तक्ता पाठ आहे, चष्म्याशिवाय म्हणायचा. हे आधीच कसं सुचलं नाही? आमच्याच शेडमधल्या चिंतूनेही अर्ज केलाय. त्याला तिसऱ्या ओळीपुढे पाठ नाही. बिचारा.

२८ सप्टेंबर, मेडिकल
दवाखान्यात चुन्याचा वास. चष्मा दाराबाहेरच खिशात टाकला. जिव्या कंपाउंडर बसा म्हणाला. बसतोय कोण? उभ्यानेच सहाच्या सहा ओळी, न अडखळता. मग एक डोळा झाकून पुन्हा.
शेवटी जिव्या म्हणाला, भगवंतभाऊ, तुमी बोल्लाव ते सगलं बराबर हाय. पन खंडेनवमीसाठी भिंतीला चुना मारलाय, तक्ता अजून कपाटात हाय.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
क्रेनची पूजा. नारळ चिंतूने फोडला, ऑपरेटर म्हणून. त्याने शेवटच्या ओळीत दोन अक्षरं चुकवली, पण बघून चुकवली. फार लागलं मनाला.
रागाने चष्मा घरीच ठेवला होता. चिंतू वर चढला, मी नेहमीसारखा खाली उभा. वरून तो सारखा कसली तरी खूण करत होता. मान दिला असेल, म्हणून मीही हात जोडले.
शेजारी उभा असलेला हेल्पर सुका म्हणाला, चष्मा लावा सांगतोय तो.