पाचवा खांब

प्रिय चिमे,

तुझ्या बाबांच्या खेळण्यातल्या गाडीने आता घर गिळायला घेतलंय. निवृत्तीच्या दिवशी तू दिलेला तो गोल रूळ आठवतो ना? टेबलावर मावायचा. गेल्या सात महिन्यांत तो त्यांच्या खोलीतून बाहेर पडला, कपाटामागून वळला आणि भिंतीला भोक पाडून तुझ्या खोलीत शिरला. तुझ्या पलंगावर फळ्या टाकून त्यांनी तुमच्या गावचं स्टेशन मांडलंय, बाकांसकट. मी म्हटलं, आता तेवढा माझा ओटा राहिलाय, तर हसले नाहीत.

मधल्या जागेत आपल्या नदीवरचा पूल बांधलाय, हुबेहूब, आठ खांबांचा. खरा पूल तीस वर्षं त्यांनीच तपासला, प्रत्येक खांबाला हातोडीने ठोकून, कान लावून. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा तिथली भिंतही ठोकून पाहिली होती, आणि माझे वडील महिनाभर ते सगळ्यांना सांगत सुटले होते. पण या पुलावरून गाडी जातच नाही गं. इंजिन पुलापाशी आलं की हे बटण बंद करतात, एकेक डबा हाताने उचलून पलीकडे ठेवतात, मग गाडी पुढे. मला वाटलं, लाकूड कच्चं असेल. एकदा हे अंघोळीला गेले असताना मी पुलावर इस्त्री ठेवून पाहिली. पूल जरासुद्धा हलला नाही.

मग तुझा फोन आला, शनिवारी पिल्लूला घेऊन निघतेस, तिसरा डबा, खिडकीची जागा. तेव्हापासून हे तिसरा डबा सगळ्यांत आधी उचलतात, दोन्ही हातांनी. ताटातलं निम्मं तसंच राहतं. नदीवरून खरी गाडी जायला लागली की हातातलं काम थांबतं, ती पलीकडे जाईपर्यंत. मला भीती वाटायला लागली. शेवटी आज दुपारी मी बटणावर हात ठेवून बसले आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही.

"पाचव्या खांबापाशी मी गेलोच नव्हतो," एवढं म्हणाले आणि रडायलाच लागले. त्यांची शेवटची तपासणी आणि पिल्लूचा जन्म एकाच दिवशी आला होता. पाचवा खांब भर पाण्यात, होडीने जावं लागतं. तेवढाच राहिला होता, तोच दवाखान्यातून निरोप आला आणि हे धावत आले. आदल्या वर्षी त्या खांबावर केसाएवढी चीर दिसली होती. पुन्हा पाहायची होती. घरी बसून वहीत लिहिलं, चीर वाढलेली नाही. त्यानंतर नदीला दोन पूर येऊन गेले. अशीच घरी बसून वही भरली म्हणून यांनी एका सहकाऱ्याची नोकरी घालवली होती, त्यामुळे तोंड उघडेना. मला फार राग आला, चिमे. तुझा डबा आधी उचलतात, पण बाकीचे डबेही कुणाचे तरी आहेतच ना?

फोन त्यांच्या कार्यालयात केला, तर साहेब सोमवारी येतील म्हणाले. म्हणून आत्ता आम्ही दोघं स्टेशनमास्तरांकडे निघालोय. हे बूट घालून, वही काखेत घेऊन दारात उभे आहेत. ऐकतील की म्हाताऱ्याला भ्रम झालाय म्हणतील, कोण जाणे. तुझा फोन दुपारपासून लागत नाहीये, म्हणून हे पत्र शेजारच्या बाईंच्या हाती संध्याकाळच्या बसने पाठवतेय. शनिवारच्या गाडीत बसू नकोस. कुणी काहीही सांगो, बसू नकोस. हे लिहिताना साडेपाचची गाडी पुलावर चढली, आणि ती पलीकडे गेल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

तुझीच,
आई